विश्लेषण : अवजार घेताना वॅट पाहायचे की मोटर? वाशिमच्या कारागिरांसाठी वेगाचे गणित

ग्राइंडर जळाला, ड्रिलचा बिट लाल होऊन मोडला, शिलाई मशीन एकदम सुसाट सुटले... दुकानदार म्हणतो माल हलका, कारागीर म्हणतो नशीब खोटे. बऱ्याचदा कारण वेगळेच असते. ज्या कामासाठी मशीन घेतले, त्या कामाला लागणारा वेग त्या मशीनमधली मोटर धरूनच ठेवू शकत नाही. बाजारात मात्र विचारणा होते ती किंमत आणि वॅट या दोनच गोष्टींची. कोणती मोटर कुठे चालते, तिचा वेग कसा कमी-जास्त होतो आणि चुकीची निवड खिशाला व बोटांना किती महाग पडू शकते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

पारंपरिक कारागिरांसाठी केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. सुतार, लोहार, गवंडी, मूर्तिकार, शिंपी, चर्मकार, सोनार, कुंभार अशा १८ व्यवसायांचा तिच्यात समावेश आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाऊचर, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि त्यानंतर ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रचना आहे. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी विदर्भातच, वर्ध्याला झाला.

वाशिम जिल्ह्यासाठी याला वेगळे महत्त्व आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन, तूर आणि कापसावर उभा आहे. केंद्राच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातले चार जिल्हे होते, त्यात वाशिमचे नाव होते. मोठे कारखाने नसलेल्या जिल्ह्यात शेतीबाहेरचा रोजगार म्हणजे बहुतांशी छोटी दुकाने : ग्रिल-गेटचे फॅब्रिकेशन, फर्निचर, शिवणकाम, फरशीकाम, पंपदुरुस्ती. अशा दुकानाचे भांडवल म्हणजे चार-पाच मशीन. त्यातले एक चुकीचे निघाले की कर्जाचा हप्ता सुरू राहतो आणि काम थांबते. म्हणून व्हाऊचरमधून मिळणारे किट असो की कर्जातून घेतलेले मशीन, आतली मोटर ओळखता येणे हा आता थेट कमाईचा विषय झाला आहे.

सगळ्या मोटरी सारख्याच नसतात का?

नाही. कारागिराच्या दुकानात साधारणपणे चार प्रकारच्या मोटरी आढळतात आणि त्या घरातही ओळखीच्या आहेत.

पहिली, मिक्सरमधली. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. वायरवर चालणारे हातातले ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, रंधा मशीन यांत बहुतेक हीच असते.

दुसरी, पिठाच्या गिरणीतली. ही इंडक्शन मोटर. बेंच ग्राइंडर, टेबलावरचा मोठा करवत, कॉम्प्रेसर, उभे ड्रिल मशीन यांत ती बसवलेली असते.

तिसरी, बॅटरीवरच्या खेळण्यातल्या गाडीची मोठी बहीण : चुंबक आणि ब्रश असलेली डीसी मोटर. स्वस्त बॅटरी ड्रिलमध्ये आणि पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात ती असते.

चौथी, वीजबचतीच्या नव्या पंख्यांमुळे घरोघरी नाव पोहोचलेली ‘बीएलडीसी’, म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर. चांगल्या बॅटरी ड्रिल-ग्राइंडरवर ‘ब्रशलेस’ असे लिहिलेले असते, ते हिच्यासाठी.

चौघींचे काम एकच, वीज घेऊन फिरणे. पण वेग कसा ठरतो आणि भार आला की तो किती टिकतो, याबाबत चौघींचे स्वभाव वेगळे आहेत.

ट्रिगर हळू दाबला की ड्रिल हळू का फिरते?

युनिव्हर्सल मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज कार्बनच्या दोन तुकड्यांतून मिळते. कारागिरांच्या भाषेत हेच ‘कार्बन’. या मोटरचा वेग विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेला बांधलेला नसतो, त्यामुळे ती प्रचंड वेगाने फिरू शकते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो तो त्यामुळेच. छोट्या, हलक्या मोटरीतून भरपूर ताकद मिळते, म्हणून हातातल्या मशीनसाठी ती सोयीची ठरली.

हातात धरायच्या विजेच्या ड्रिलची सुरुवात १८९५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने केली. पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये अमेरिकेत मिळाले. तेव्हाचा ट्रिगर फक्त चालू-बंद करणारा होता. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला, पुढे त्याचा भाऊ ट्रायॅक आला आणि ट्रिगरच्या आतच वेग बदलण्याची सोय शक्य झाली.

ट्रायॅकचे काम समजायला सोपे आहे. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा उसळते, ५० वेळा एका दिशेने आणि ५० वेळा उलट. ट्रिगर थोडा दाबला तर ट्रायॅक प्रत्येक उसळीचा शेवटचा तुकडाच मोटरला देतो. पूर्ण दाबला तर जवळपास सगळी उसळी देतो. जेवढी वीज, तेवढा वेग.

अडचण पुढे आहे. भार आला की युनिव्हर्सल मोटरचा वेग पडतो, हा तिचा मूळ स्वभाव. मिक्सरमध्ये ओले खोबरे जास्त झाले की आवाज कसा जड होतो, तसेच. साध्या ट्रायॅकला मोटर किती वेगाने फिरते आहे हे कळतच नाही. त्यामुळे रिकामे ड्रिल हळू वेगावर सुरेख फिरते, पण लोखंडात बिट शिरला की अडखळते. कारागीर ट्रिगर आणखी दाबतो, बिट मोकळा होतो आणि मशीन एकदम उसळते. मनगटाला बसणारा झटका तिथून येतो.

महाग मशीनमध्ये यावर उपाय असतो. आर्मेचरजवळचा सेन्सर फेरे मोजत राहतो आणि वेग पडला की इलेक्ट्रॉनिक सर्किट आपणहून वीज वाढवते. खोक्यावर ‘कॉन्स्टंट स्पीड’ किंवा ‘कॉन्स्टंट इलेक्ट्रॉनिक’ असे लिहिलेले असते ते याचसाठी. निव्वळ ‘व्हेरिएबल स्पीड’ लिहिले असेल तर वेग बदलता येतो एवढाच अर्थ. तो भाराखाली टिकेल, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते.

हळू वेगावर चालवले तर मोटर वाचते का?

उलटे घडू शकते. युनिव्हर्सल मोटरला थंड ठेवणारा छोटा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो. वेग कमी झाला की हवा कमी होते. भार मात्र जड असेल तर प्रवाह भरपूर वाहतो आणि वाइंडिंग तापत जाते. काँक्रीट मिक्सर पॅडलने सिमेंट किंवा पुट्टी ढवळण्यासाठी साधे ड्रिल वापरतात, तेव्हा बहुतेक मशीन अशीच जळतात : वेग अगदी कमी, भार जास्त, हवा जवळपास नाही. अशा कामानंतर मशीन लगेच बंद करण्यापेक्षा एक-दोन मिनिटे रिकामे, पूर्ण वेगाने चालवले तर आतली उष्णता बाहेर पडते.

जोर हवा असेल तर खरा मार्ग गिअरचा. दोन गिअरच्या ड्रिलमध्ये पहिला गिअर टाकला की चकचा वेग कमी होतो आणि जोर त्या प्रमाणात वाढतो. मोटर मात्र आपल्या चांगल्या वेगाने फिरत राहते. सायकलच्या गिअरमागचे तत्त्वही हेच.

गिरणीच्या मोटरचा वेग का बदलत नाही?

इंडक्शन मोटरची पेटंटे निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये मिळाली. तिच्यात कार्बन नाही, ठिणगी नाही, झिजणारा भाग म्हणजे फक्त बेअरिंग. म्हणून गिरणीची मोटर वर्षानुवर्षे चालते. पण तिचा वेग दोनच गोष्टी ठरवतात : विजेची वारंवारता आणि आतल्या चुंबकीय ध्रुवांची संख्या.

१२० ला ५० ने गुणायचे आणि ध्रुवांच्या संख्येने भागायचे. दोन ध्रुव असतील तर ३,०००, चार असतील तर १,५०० फेरे. प्रत्यक्षात ती याहून थोडी मागे राहते, म्हणून पाटीवर २,८८० किंवा १,४४० असे आकडे दिसतात. भार आला तरी हा वेग फारसा हलत नाही. टेबलावरच्या करवतीसाठी, गिरणीसाठी हा मोठा गुण. मात्र व्होल्टेज कमी करून हा वेग कमी करायला गेले तर वेग थोडाच उतरतो, जोर झपाट्याने उतरतो आणि मोटर तापते.

म्हणूनच उभ्या ड्रिल मशीनवर पट्टा आणि पायरीची पुली असते. वेग बदलायचा तर पट्टा एका पायरीवरून दुसरीवर घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलायचा असेल तर वारंवारताच बदलावी लागते. ते काम करणाऱ्या उपकरणाला कारखान्यांत ‘व्हीएफडी’ किंवा नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. ते थ्री फेज मोटरसाठी असते. कपॅसिटर लावलेल्या सिंगल फेज मोटरला सरसकट जोडू नये.

मग पंख्याचा रेग्युलेटर कसा चालतो?

जुन्या छताच्या पंख्यातही इंडक्शन मोटरच असते आणि ती रेग्युलेटरने हळू होते. यावरून अनेकांचा गैरसमज होतो. पंख्याचे गुपित त्याच्या भारात आहे. पंख्याला फक्त हवा ढकलायची असते. वेग निम्मा झाला की हवेचा विरोध जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. मोटरचा जोर कमी झाला तरी तिचे निभावते. लोखंडात घुसलेल्या बिटचा विरोध असा कमी होत नाही. वेग उतरला तरी लोखंड तितकेच कठीण राहते.

पंख्याचा रेग्युलेटर ग्राइंडरला जोडण्याचा जुगाड दुहेरी धोक्याचा आहे. एक तर हा रेग्युलेटर ७०-८० वॅटच्या पंख्यासाठी बनवलेला असतो, तर छोटा ग्राइंडरही ६०० वॅटच्या पुढे जातो. रेग्युलेटर वितळू शकतो, आग लागू शकते. दुसरे म्हणजे ज्या मशीनमध्ये आधीच इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण आहे, त्याच्यामागे आणखी एक रेग्युलेटर लावला की आतले सर्किट गोंधळते आणि जळते. हळू चालणारा ग्राइंडर हवा असेल तर वेगाची चकती असलेला ग्राइंडरच घ्यावा.

ब्रशलेसमध्ये असे काय वेगळे आहे?

आधी स्वस्त बॅटरी ड्रिल पाहू. त्यातल्या ब्रशच्या डीसी मोटरला सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून दिली जाते. नळ भराभर उघडझाप केला तर बादलीत सरासरी धार पडते, तसे. चालू राहण्याचा वेळ वाढवला की वेग वाढतो. या मोटरचा जोर हळू वेगावरही चांगला असतो, म्हणून स्क्रू पिळायला ती उत्तम.

ब्रशलेस मोटरने मांडणीच उलटी केली. चुंबक फिरतो, वाइंडिंग जागेवर राहते. कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीला वीज द्यायची हे कार्बनऐवजी एक छोटे सर्किट ठरवते. त्यासाठी चुंबक नेमका कुठे आहे हे त्या सर्किटला सतत माहीत असावे लागते. म्हणजेच वेग मोजणे हा या मोटरच्या चालण्याचाच भाग आहे. त्यामुळे भार आला की प्रवाह वाढवणे, बिट अडकला की क्षणात तोडणे, ठरावीक जोरावर थांबणे या गोष्टी तिला सहज जमतात. घर्षण आणि ठिणगी नसल्याने वीज कमी वाया जाते आणि एका चार्जिंगवर काम जास्त होते.

म्हणजे ब्रशलेस हेच उत्तर का? सगळ्यांसाठी नाही. दिवसभर ग्रिल घासणाऱ्या दुकानात बॅटऱ्या बदलून बदलून जीव मेटाकुटीला येतो. जोडीला बॅटरी एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या बॅटरीचे आयुष्य घटते. साइटवर जाऊन दारे-खिडक्या बसवणाऱ्या सुताराला मात्र तिची किंमत वसूल होते.

कमी व्होल्टेजचा फटका कुणाला जास्त?

रब्बीत पंप सुरू झाले की लाइनच्या टोकाला असलेल्या घरात-दुकानात दिवे मंद होणे ग्रामीण भागाला नवे नाही. २३० ऐवजी १८४ व्होल्ट, म्हणजे २० टक्के कमी मिळाले असे समजू.

इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे जोर ३६ टक्क्यांनी घटला. करवत लाकडात अडकते, मोटर घुमते, प्रवाह वाढतो. त्याच वेळी बंद केली नाही तर वाइंडिंग जाते.

युनिव्हर्सल मोटर थांबत नाही, पण तिचा वेग उतरतो. काम होत नाही म्हणून कारागीर मशीन दाबतो. दाब वाढला की प्रवाह वाढतो, पंख्याची हवा आधीच कमी झालेली असते. कार्बनपाशी ठिणग्या वाढतात आणि आर्मेचर जळण्याची वेळ येते.

बॅटरीच्या मशीनला या चढउताराशी देणेघेणे नाही. चार्जर आपले काम कमी-जास्त व्होल्टेजवर करून घेतो. वीज स्थिर नसलेल्या गावात बॅटरी मशीनचा हा मोठा फायदा आहे.

व्होल्टेज दुकानातच पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे लांब, बारीक एक्स्टेंशन वायर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ५० मीटर वायरीतून ५ अँपिअर वाहिले तर जाता-येता मिळून सुमारे ९ व्होल्ट वायरीतच संपतात. जड कामात प्रवाह दुप्पट झाला की तूटही दुप्पट. महावितरणची वीज ठीक असूनही मशीन जळते, त्यामागे अनेकदा हीच वायर असते.

वेग चुकला तर धोका किती?

इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. चार इंची म्हणजे १०० मिलिमीटरची चकती ११ हजार फेऱ्यांनी फिरते, तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक असतो. ग्राइंडरच्या घासण्या-कापण्याच्या चकत्या साधारण सेकंदाला ८० मीटरपर्यंत सुरक्षित धरलेल्या असतात. चकतीवर तसे छापलेले असते.

आता गार्ड काढून त्याच ग्राइंडरवर सात इंची, १८० मिलिमीटरची चकती चढवली तर? कडेचा वेग सेकंदाला १०३ मीटरवर जातो. चकती फुटण्याची शक्यता तिथे सुरू होते आणि फुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. सात इंची ग्राइंडरचा वेग कंपनी मुद्दाम कमी ठेवते, तो याच कारणासाठी.

लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे हा तितकाच घातक प्रकार. गोल करवत साधारण पाच हजार फेऱ्यांची असते, तिला तळपट्टी आणि पाते झाकणारे गार्ड असते. ग्राइंडरमध्ये वेग दुप्पट आणि आधार शून्य. पाते गाठीत अडकले की मशीन उलट अंगावर येते.

ड्रिलमध्ये जीव जात नाही, बिट जातो. साध्या लोखंडासाठी हायस्पीड स्टीलच्या ३ मिलिमीटर बिटला मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे चालतात, १० मिलिमीटरला आठशे आणि १३ मिलिमीटरला सहाशेच्या आसपास. बिट जाड, वेग कमी. एकाच वेगाचे ड्रिल घेतले तर जाड बिट निळा पडून बोथट होणारच. स्टेनलेस स्टीलला वेग आणखी निम्मा लागतो.

शिवणकामाला हे लागू होते का?

पुरेपूर. घरगुती मशीनला जोडलेली छोटी मोटर युनिव्हर्सल असते. पायातले पायडल म्हणजे तिचा वेगनियंत्रक. जीन्सची जाड शिवण आली की ती अडखळते आणि पलीकडे जाताच सुटते, यामागचे कारण ड्रिलसारखेच आहे.

मोठ्या शिलाई मशीनला पूर्वी सर्रास क्लच मोटर असे. ही इंडक्शन मोटर स्विच चालू केल्यापासून सतत पूर्ण वेगाने फिरते. पायाने फक्त क्लच कमी-जास्त लागतो. शिवण सुरू नसतानाही वीज जाते, घरघर चालू राहते आणि नवख्या हाताला हळू शिवणे कठीण जाते. आता तिची जागा सर्व्हो मोटर घेते आहे. तीही ब्रशलेस कुळातली. पायडल दाबले तरच फिरते आणि कमाल वेग बटणाने बांधून ठेवता येतो. शिकाऊ मुलींच्या शिवणवर्गासाठी वेग बांधता येणे ही बोट वाचवणारी सोय आहे.

शेतातल्या सौर पंपाचा याच्याशी काय संबंध?

एसी पंप घ्यावा की डीसी, असा प्रश्न सौर पंपासाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्यांना पडतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के हिस्सा भरून ३, ५ किंवा ७.५ एचपीचा पंप मिळतो. इथेही निवड मोटरचीच आहे.

सौर पंप सकाळी हळू आणि दुपारी जोरात चालतो. एसी पंपात इंडक्शन मोटर असते आणि कंट्रोलर ऊन पाहून विजेची वारंवारता बदलतो. दुकानातल्या साध्या जोडणीवर जी मोटर वेग बदलायला नकार देते, तीच शेतात वारंवारता बदलताच ऐकते. डीसी पंपात बहुधा ब्रशलेस मोटर असते. ती कमी उन्हातही चांगली चालते, पण तिला तिचाच कंट्रोलर लागतो. एसी पंपाची मोटर तालुक्याच्या ठिकाणी वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होऊ शकते.

दुरुस्तीचा प्रश्न किती मोठा?

खरेदीच्या वेळी हाच मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. युनिव्हर्सल मोटरचे कार्बन तालुक्याच्या बाजारात थोडक्या पैशांत मिळतात आणि वेळेवर बदलले तर आर्मेचर वाचते. इंडक्शन मोटरचे वाइंडिंग वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांत सहज करून मिळते. ही कला जिल्ह्यात पिढीजात आहे, पंपांनी ती जगवली.

ब्रशलेस मशीनची मोटर सहसा बिघडत नाही, बिघडते ते सर्किट. ते खोलून दुरुस्त करणारा माणूस गावात मिळणे कठीण, त्यामुळे अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तो सेवा केंद्रातून मागवावा लागतो. सेवा केंद्र अकोला, अमरावती किंवा नागपूरला असेल तर जाण्यायेण्याचा दिवस आणि बुडालेली मजुरी हीसुद्धा मशीनच्या किमतीत धरायला हवी. दुसऱ्या बाजूने पाहिले तर इथे नव्या कामाची संधी आहे. सौर पंपाचा कंट्रोलर, बीएलडीसी पंखा, सर्व्हो मोटर, ब्रशलेस ड्रिल या चारही सर्किटांचे तत्त्व एकच आहे. वाइंडिंग जाणणाऱ्या तरुणाला आयटीआयमध्ये किंवा कौशल्य प्रशिक्षणात हे सर्किट शिकवले, तर दुरुस्तीचा पैसा जिल्ह्यातच राहील.

मशीन घेताना काय पाहावे?

* वॅटचा आकडा म्हणजे मशीन किती वीज घेते. बिटच्या टोकाशी किती ताकद पोहोचते हे त्यातून कळत नाही. वॅटसोबत नो-लोड स्पीड, गिअर आणि वेगनियंत्रणाचा प्रकार पाहावा.
* ड्रिल लोखंडासाठी घ्यायचे तर व्हेरिएबल स्पीड हवेच. १० मिलिमीटरपेक्षा जाड छिद्रे रोजची असतील तर दोन गिअरचे घ्यावे.
* पॉलिश, स्टेनलेस स्टील किंवा रंग काढण्याचे काम असेल तर वेगाची चकती आणि ‘कॉन्स्टंट स्पीड’ असलेला ग्राइंडर उपयोगी. फक्त कापणे-घासणे असेल तर एका वेगाचा साधा ग्राइंडर पुरतो, जादा पैसे वाचतात.
* एका जागी दिवसभर चालणाऱ्या कामाला इंडक्शन मोटर, हातातल्या जड कामाला वायरचे युनिव्हर्सल मशीन आणि साइटवरच्या फिरत्या कामाला ब्रशलेस बॅटरी मशीन, असा ढोबळ हिशेब ठेवावा.
* चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच असला पाहिजे. गार्ड काढू नये.
* कार्बन बाहेरून बदलता येतात का, पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मिळते का, जवळचे सेवा केंद्र कुठे, हे पैसे देण्याआधी विचारावे.
* एक्स्टेंशन वायर जाड घ्यावी आणि गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून वापरावी.

पुढे काय?

विश्वकर्मा योजनेचे मूलभूत प्रशिक्षण ४० तासांचे आणि प्रगत प्रशिक्षण १२० तासांचे आहे. त्यात मोटरची पाटी वाचणे आणि वेग निवडणे यासाठी दोन तास दिले, तर सरकारने दिलेल्या १५ हजारांचे आणि बँकेने दिलेल्या लाखाचे आयुष्य वाढेल. किटमध्ये कोणत्या मोटरचे मशीन आहे, त्याचे सुटे भाग जिल्ह्यात मिळतात का, हे लाभार्थ्याला निवडीआधी मराठीत सांगितले गेले तर तक्रारी आणि जळालेली मशीन दोन्ही कमी होतील.

तोपर्यंत कारागिराच्या हातात एक साधी तपासणी आहे. दुकानात मशीन रिकामे फिरवून आवाज ऐकण्याऐवजी लाकडाचा किंवा लोखंडाचा तुकडा मागावा आणि हळू वेगावर त्यात छिद्र पाडून पाहावे. वेग टिकला तर मशीन कामाचे. टिकला नाही तर वॅट कितीही मोठे लिहिलेले असोत, पाकीट खिशातच ठेवलेले बरे.